ईशान्येचं शेवाळ

माशांची टाकी ईशान्येलाच हवी, असं बाबांनी वास्तूचा हवाला देऊन ठरवलं. आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये ईशान्येला नेमकी पूर्वेची खिडकी. सकाळभर ऊन थेट टाकीवर. लक्ष्मी यायची तेव्हा येईल, शेवाळ पंधरा दिवसांत आलं. आधी काचेवर हिरवे ठिपके, मग दगडांना दाढ्या, शेवटी साठ लिटर पालकाचं सूप. आत सहा गप्पी होते म्हणे.

जुन्या एटीएम कार्डाने काच खरवडायला बसलो. कार्डाच्या कडेला गोळा झाला तेवढा ऐवज त्या खात्यात कधी नव्हता. त्याच भरात फिल्टरचा स्पंजही नळाखाली स्वच्छ धुतला. दोन दिवसांत हिरवं पाणी दुधाळ. माशांच्या घाणीचा निकाल लावणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात आणि नळाच्या क्लोरीनने मरतात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा असतो, हे ज्ञान नेहमीप्रमाणे नंतर झालं.

मग शेवाळ खाणारा सकर मासा आणला. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतला. "साहेब, झाडू आहे झाडू!" इति मासेवाला. दोन इंची झाडूने महिनाभर इमानेइतबारे काच चाटली. मग त्याला वरून पडणाऱ्या दाण्यांचा शोध लागला. आता तो वीतभर झालाय, पुढे फूटभर होईल, आणि शेवाळाकडे ढुंकून पाहत नाही.

दाणे घालणारी आई. पूजा झाली की चिमूट, चहाबरोबर चिमूट, मालिका संपली की चिमूट. "मुकी जनावरं, मागणार कशी?" मी समजावलं की उरलेले दाणे कुजतात, त्यांचं नायट्रेट आणि फॉस्फेट होतं, तेच शेवाळाचं खत. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "खत? मग ते पाणी तुळशीला घाल की."

हे मात्र बरोबर होतं. दर रविवारी पाव टाकी पाणी तुळशीला जाऊ लागलं. तुळस माझ्या खांद्याला लागली, टाकी होती तश्शीच हिरवी.

शेवटी खिडकीला जाड पडदा लावला आणि चार दिवस टाकी पांढऱ्या चादरीने झाकली. दिवा बंद, दाणे बंद, फक्त फिल्टर चालू. शेजारच्या काकू दारातच थबकल्या, चप्पल काढून हळूच म्हणाल्या, "कधी झालं?"

पाचव्या दिवशी चादर काढली. पाणी आरपार. तळातला खडान्‌खडा दिसत होता. गप्पी मोजले, पुन्हा मोजले. एकतीस!

आई माझ्या मागेच उभी होती, हातात दाण्यांचा डबा.

"आणि म्हणे कमी घाल."