टक्के ठरले, पुढे काय?

आमच्या ठाण्याच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक विषय काही केल्या संपत नाही: बोगस दिव्यांग प्रमाणपत्रं. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याचं प्रकरण गाजलं, तेव्हापासून अपंगांच्या डब्यातून कुणी धडधाकट दिसणारा माणूस उतरला तरी त्याचा फोटो ग्रुपवर येतो. (न दिसणारं अपंगत्वही असतं, हे मी लिहून लिहून थकले.) पडताळणी जरूर व्हावी, लबाडाची बाजू कोण घेईल? पण ओहायोत बसून हे सगळं वाचताना वाटतं, सारा जोर सवलतींसाठी प्रमाणपत्रावर लागणाऱ्या त्या ४० टक्के अपंगत्वाच्या रेषेवरच आहे. जो खरोखर रेषेच्या आत आला, त्याचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही.

मी इथे पुनर्वसन समुपदेशनात मास्टर्स करते आहे. घरी सांगितलं तेव्हा काकांना ती फिजिओथेरपी वाटली आणि आईला व्यसनमुक्ती. हे काम करणारं माणूस त्यांच्या पाहण्यातच नाही, तर कळणार कसं? अपंगत्व असलेल्या माणसाला झेपेल आणि आवडेल असं काम शोधायला मदत करायची, मालकाशी बोलायचं, तो तिथे टिकेपर्यंत मागे राहायचं, असं हे काम. त्यासाठी ६० क्रेडिट्स, १०० तासांचं प्रॅक्टिकम (देखरेखीखालचा सराव) आणि वर ६०० तासांची इंटर्नशिप. आजारांची माहिती, मानसशास्त्र, कायदा हे सगळं असतंच, पण मला सगळ्यात उपयोगी वाटला तो जॉब अ‍ॅनालिसिस, म्हणजे एखाद्या कामात नेमकं काय काय करावं लागतं ते सुटं करून पाहणं.

त्याचं कारण माझा एक मावसभाऊ. तो महापेच्या एमआयडीसीत लेथवर होता. रेल्वे अपघातात त्याचा पाय गुडघ्याखालून गेला. प्रमाणपत्र मिळालं, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आलं, कृत्रिम पाय बसला, रेल्वेची सवलतही मिळाली. मग नातेवाइकांनी बसून ठरवलं की याला झेरॉक्सचा स्टॉल टाकून द्यायचा. त्या धंद्यात कमीपणा काहीच नाही. पण वर्षानुवर्षं ड्रॉइंग वाचलेल्या, मायक्रोमीटरवर केसाएवढा फरक पकडणाऱ्या माणसाने आधार कार्डांच्या प्रती काढायच्या? त्याच्या जुन्या कामाचे तुकडे पाडून कुणी पाहिलंच नाही. उभं राहणं किती, वजन उचलणं किती, बसून होण्यासारखं काय? तयार माल तपासण्याचं, म्हणजे क्वालिटीचं काम त्याला बसून करता आलं असतं. सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचं, प्रोग्रॅमिंग शिकता आलं असतं. कदाचित एक उंच स्टूल आणि शिफ्टची बदललेली वेळ एवढ्यावर भागलं असतं. पण त्यासाठी कुणीतरी कारखान्यात जाऊन सुपरवायझरसमोर बसायला हवं होतं.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही. ते पद जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. मावसभाऊ मंत्रालयात असता तर त्याची नोकरी वाचली असती. खासगी कारखान्यातल्या कामगाराला हे संरक्षण नाही, त्यामुळे मध्ये पडणाऱ्या माणसाची खरी गरज त्यालाच.

इथे अमेरिकेत अशी माणसं आहेत, कारण सरकार १९२० पासून या कामावर पैसे खर्च करतंय. अर्ज केल्यावर साधारणपणे ६० दिवसांत पात्रता ठरवावी लागते, पुढच्या ९० दिवसांत त्या माणसाबरोबर बसून त्याच्या नोकरीची योजना लिहावी लागते, आणि तो किमान ९० दिवस नोकरीत टिकल्याशिवाय केस यशस्वी म्हणून बंद करता येत नाही. सरकारी शिष्यवृत्ती घेतली तर तिच्या प्रत्येक वर्षामागे दोन वर्षं याच क्षेत्रात काम करून फेडावी लागतात. म्हणून सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. पैसे कमी पडले की काही राज्यांत प्रतीक्षायादी लागते. २०१४ च्या कायद्याने सरकारी समुपदेशकांसाठीची शिक्षणाची अट सैल केली, आता पदवी आणि अनुभवावरही भरती होऊ शकते. आमचे प्राध्यापक त्यावर अजून चिडतात. मला ती सवलत ठाण्यासाठी बरी वाटते, कारण मास्टर्सची वाट बघत बसलो तर पद भरायलाच दहा वर्षं जातील.

इथलं शिक्षण तिकडे जसंच्या तसं चालणारही नाही. निर्णय त्या माणसाचा, घरच्यांना बाहेर बसवा, असं आम्हाला शिकवतात. ठाण्यात मावशीला बाहेर बसवून पाहा! ‘ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत मी त्याला परत पाठवणार नाही,’ हे तिचं वाक्य होतं आणि स्टॉलचा निर्णय तिथेच झाला. तिची भीती खोटी नव्हती. मुलगा त्याच रेल्वेत जायबंदी झाला होता. समुपदेशकाला आधी तिच्याशीच बोलावं लागलं असतं, गाडीची वेळ, डबा, कंपनीची बस यांवर. मावसभाऊ कोपऱ्यात गप्प बसला होता, त्याला बोलतं करणं त्यानंतरचं. या क्रमावर माझ्या पाठ्यपुस्तकांत एक प्रकरणही नाही.

नवी मुंबईत काहीच नाही असंही नाही. वाशीचं महापालिकेचं ईटीसी हे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र दिव्यांग मुलांसाठी चांगलं काम करतं, खारघरला बौद्धिक अपंगत्वाच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. पलीकडे मुंबईत शीवचं व्यवसाय पुनर्वसन केंद्र तर १९६८ पासूनचं. पण पस्तिशीत पाय गमावलेल्या कामगारासाठी, त्याच्या कारखान्यापर्यंत जाईल असं माणूस पालिकेत मला सापडलेलं नाही. पालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. स्टॉल आणि साहित्याच्या वाटपाबरोबर त्यातून दोन-चार पगारही निघू शकतील. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या कायद्याखाली पुनर्वसन व्यावसायिकांची यादी आहे आणि तिच्यात व्यवसाय समुपदेशक, प्लेसमेंट अधिकारी, पुनर्वसन समुपदेशक ही नावं आहेत. ठाणे पालिकेने सुरुवातीला दोनच पदं भरावीत, आणि त्यांचं ऑफिस मुख्यालयात न ठेवता सिव्हिल हॉस्पिटलात, प्रमाणपत्राच्या खिडकीशेजारी ठेवावं.