तो दगडी गरुड २००६ सालचा आहे

मेलबर्नच्या नैर्ऋत्येला यू यांग्सचे डोंगर आहेत. त्यांच्या पायथ्याशी पंख पसरून असलेल्या दगडी गरुडाचा फोटो पुन्हा फिरतोय. खालचा मजकूर थोडक्यात असा: गरुड हजारो वर्षांपूर्वीचा, फक्त आकाशातून दिसणारा; आणि तिथल्या भटक्या आदिवासींना दगडाचं काम येतच नव्हतं, म्हणजे बाहेरून कुणीतरी येऊन गेलं.

हजारो वर्षं? मेलबर्नला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या त्या वर्षी, २००६ मध्ये, शिल्पकार अँड्र्यू रॉजर्स यांनी तो घडवला. पंखांचा विस्तार १०० मीटर, दगड सुमारे १,५०० टन. आपल्या कोकणातल्या सड्यांवरची कातळशिल्पं खोदलेली, हा रचलेला. जुना आहे तो या गरुडाच्या रूपात दाखवलेला बुंजिल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी कूलिन लोकांचा सृष्टिकर्ता. त्यांच्यात प्रत्येक जण जन्मतःच बुंजिलच्या गटातला तरी असतो, नाहीतर ‘वा’ म्हणजे कावळ्याच्या गटातला तरी.

फक्त आकाशातून? फ्लिंडर्स शिखराची वाट चढा, गरुड खाली दिसतो.

तिसरं वाक्य मात्र मला सहन होत नाही. ते एका अख्ख्या समाजाचे हात नाकारतं. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियातच बुज बिम नावाचा परिसर आहे. तिथे गुंडितजमारा या मूळ रहिवासी लोकांनी थिजलेल्या लाव्हाचे काळे दगड रचून वाम माशांसाठी पाट काढले, बांध घातले. बांधात फट ठेवायची, तिच्यात विणलेली लांब निमुळती टोपली बसवायची, की पाण्याबरोबर वाम आपसूक आत. हे काम किमान ६,६०० वर्षांपासूनचं. २०१९ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हटलं. आणि खुद्द यू यांग्सजवळ वर्डी युआंगला सुमारे शंभर दगडांचं अंडाकृती रिंगण आहे, ५० मीटर लांब. त्याच्या बाहेर मांडलेले काही दगड अयनदिनांना आणि विषुवदिनी सूर्य नेमका कुठे मावळतो ते दाखवतात. वर्षानुवर्षं एकाच जागी उभं राहून सूर्यास्त पाहिल्याशिवाय हे कसं जमेल? अशा माणसांना ‘दगडाचं काम येत नव्हतं’ म्हणायचं?

बुंजिलचं जुनं चित्र बघायचंच असेल, तर ते स्टॉवेल गावाजवळच्या एका कपारीत आहे. तिथे तो गरुड नाहीच. माणसासारखा बसलाय, शेजारी दोन डिंगो कुत्रे. कुणी खरवडू नये म्हणून समोर तारेची जाळी लावलीय.