२३५० चं २०३५ झालं, पण म्हणून सगळंच खोटं?

"हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपणार, असं युनोच्या हवामान समितीने छापलं. खोटं निघाल्यावर चूक कबूल केली. आकड्याला काडीचा आधार नव्हता, बाहेरच्यांनी पकडला. हवामानाचे सगळे आकडे असेच एसीत बसून रचलेले. आपल्या सरकारच्याच अहवालानुसार हिमनद्या वाढताहेत."

पारा चाळिशी ओलांडू लागला की हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हजर. त्यातली पहिली दोन वाक्यं खरी आहेत. त्यांच्या आडोशाने बाकीचा माल खपतो.

"काडीचा आधार नव्हता" यापासून सुरुवात करू. आधार होता, तो कुजका होता. या समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००७ च्या चौथ्या अहवालातला दुसऱ्या कार्यगटाचा (हवामानबदलाचे परिणाम पाहणाऱ्या गटाचा) खंड, दहावं प्रकरण, आशिया. उपविभाग १०.६.२ म्हणतो की पृथ्वी अशीच तापत राहिली तर २०३५ पर्यंत, कदाचित त्याआधीच, हिमनद्या नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे. लगेच पुढे लिहिलंय की त्यांचं क्षेत्र २०३५ पर्यंत ५ लाख चौरस किलोमीटरवरून १ लाखावर येईल. आता नाहीशा झाल्या तर १ लाख उरणार कुठून? शेजारशेजारची दोन वाक्यं एकमेकांशी भांडताहेत आणि कुणी हटकलं नाही.

कंसात संदर्भ आहे: डब्ल्यूडब्ल्यूएफ, २००५. म्हणजे एका पर्यावरण संस्थेची पुस्तिका. तिथून धागा जातो 'न्यू सायंटिस्ट'च्या जून १९९९ च्या बातमीकडे, आणि बातमी उभी आहे जेएनयूचे हिमनदीतज्ज्ञ सय्यद इक्बाल हसनैन यांच्याशी झालेल्या बोलण्यावर. पुस्तिकेत ज्या शास्त्रीय गटाच्या अहवालाचा हवाला दिला गेला, त्या अहवालात २०३५ हे साल नाहीच. क्षेत्राचा आकडा मात्र दुसरीकडून आला. १९९६ मध्ये युनेस्कोने छापलेल्या एका अहवालात रशियन हिमनदीतज्ज्ञ कोत्ल्याकोव्ह यांनी ५ लाखांचे १ लाख होतील असं लिहिलं होतं, पण ते ध्रुवांबाहेरच्या साऱ्या जगातल्या बर्फाबद्दल आणि साल होतं २३५०. हिमालयातलं हिमनद्यांचं क्षेत्र तर ३३ हजार चौरस किलोमीटरच्या घरात. कुणाच्या तरी हातून अंकांची अदलाबदल झाली असावी.

समितीच्या अहवालातल्या त्याच विभागातला तक्ता याहून मजेशीर आहे. पिंडारी हिमनदी १८४५ ते १९६६ या काळात २,८४० मीटर मागे हटली, वेग वर्षाला १३५.२ मीटर, असं तिथे छापलंय. मोबाइल काढा. २,८४० भागिले १२१ वर्षं: साडेतेवीसच्या आसपास. आता १२१ ऐवजी २१ ने भागा. बरोबर १३५.२! कुणीतरी अख्खं शतक गिळलं आणि छपाईपर्यंत ढेकरही दिला नाही.

दुसरा दावा, बाहेरच्यांनी पकडलं. हा धागा उलटा चालत जाऊन शोधला तो कॅनडातल्या ट्रेंट विद्यापीठाच्या ग्रॅहम कॉगली यांनी. ते स्वतः हिमनदीतज्ज्ञ. जानेवारी २०१० मध्ये त्यांनी ऑस्ट्रियाच्या गेऑर्ग कासर यांच्यासह 'सायन्स'मध्ये पत्र छापून सगळी वंशावळ मांडली. आयुष्य बर्फावर काढलेले हे लोक. आणि त्यांना शोधता आलं ते कंसातल्या त्या संदर्भामुळेच. मसुदा तपासणीत जपान सरकारनेही या वाक्याची खात्री किती, असं विचारलं होतं. तिकडे दुर्लक्ष झालं, याची भलामण मी करणार नाही. समितीचे तेव्हाचे अध्यक्ष पचौरी यांनी तर भारतीय भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांच्या शंकांना 'व्हूडू सायन्स' म्हणून उडवून लावलं होतं. शेवटी २० जानेवारी २०१० ला समितीला जाहीर खेद व्यक्त करावा लागला. तोरा नडला.

"सगळे आकडे असेच"? २०३५ धोरणकर्त्यांसाठीच्या सारांशात नव्हता, आणि भौतिक विज्ञान सांभाळणाऱ्या पहिल्या कार्यगटाच्या खंडातही नव्हता. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची नोंद हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ पासून चालू आहे. पिंडारीचा भागाकार चुकल्याने ती बिघडत नाही.

राहिला सरकारी अहवाल. जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना नोव्हेंबर २००९ मध्ये रैना यांचा चर्चापत्ररूपी अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांचं म्हणणं होतं की हिमनद्या मागे हटताहेत, पण हा वेग असामान्य म्हणावा असा नाही. 'वाढताहेत' हा शब्द मेसेजवाल्याच्या पदरचा. पुढे २०१९ मध्ये अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची शीतयुद्धातली, आता खुली झालेली छायाचित्रं वापरून ६५० हिमनद्या मोजल्या गेल्या, पूर्व-पश्चिम २,००० किलोमीटरच्या पट्ट्यात. १९७५ ते २००० मध्ये बर्फाची जाडी (वितळून होणाऱ्या पाण्याच्या मापात) वर्षाला सरासरी २२ सेंटिमीटरने घटत होती, २००० ते २०१६ मध्ये ४३ ने. जवळपास दुप्पट.

स्थिर असलेल्या किंवा थोड्या वाढलेल्या हिमनद्याही आहेत. हिमालयाच्या वायव्येला लागून असलेल्या काराकोरम पर्वतरांगेत. अभ्यासकांनी त्या मोजल्यात, त्यावर निबंध लिहिलेत, 'काराकोरम विसंगती' असं नावही पाडलंय. मेसेजमध्ये काराकोरम हा शब्द कुठेच नाही.