फोटोचे पैसे मागितले म्हणून

सोसायटीच्या ग्रुपवर आज सकाळी एका काकांनी श्रीलंकेचे फोटो टाकले. नुवारा एलियाचे चहाचे मळे, धुकं, पाठीवर टोपली लावून उभ्या काकू. खाली लिहिलंय, 'इथल्या बायका फोटोचेसुद्धा दोनशे मागतात, लुटारू झालेत नुसते.' त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

त्यांचे दोनशे म्हणजे आपले साठेक रुपये हो! काकू राहिल्या त्या हॉटेलात एवढ्यात चहाचा कपही येत नसेल.

आम्हीही गेलो होतो तिकडे. नवरा, पोरं आणि माझी आई. कँडीहून वर चढताना रंबोडाच्या पुढे गाडी थांबवली, पोरं फोटोत गुंतली, आणि आई उतरून थेट मळ्याच्या कडेला. आईनं यवतमाळकडं अर्धं आयुष्य लोकांच्या वावरात कापूस वेचलाय. आईला तमिळ येत नाही, त्या बाईला मराठी. मध्ये आमचा ड्रायव्हर. आईनं पहिलंच विचारलं, "किलोवर हाये का वं?"

दिवसाला अठरा किलो पाला तोडला तर पूर्ण हजेरी, कमी भरला तर अर्धी. आईचा पुढचा प्रश्न, "काट्यावर किती मारते?" ड्रायव्हरनं विचारल्यावर बाई हसली. ओल आणि पिशवीचं वजन म्हणून किलो-दोन किलो कापतातच, म्हणाली. आपल्याकडे कापसाला लावतात तोच कडता!

मळ्यातली ही बाई कोण, कुठली, ते काकांनी विचारलं असेल? हिचे पूर्वज आपल्याच देशातले. १८२० च्या दशकापासून इंग्रजांनी तमिळ मुलखातून माणसं नेली, तीही कॉफीसाठी. १८६९ पासून कॉफीवर तांबेरा रोग पडला, बागा गेल्या, मग चहा आला. १९४८ साली श्रीलंका स्वतंत्र झाली आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्यानं हे लाखो मजूर कुठल्याच देशाचे राहिले नाहीत. १९६४ मध्ये शास्त्रीजी आणि तिथल्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांनी करार केला: ५,२५,००० माणसं भारतानं घ्यायची, ३,००,००० त्यांनी, उरलेल्यांचं मागाहून बघू. माणसं वाटून घेतली! राहिलेल्यांना नागरिकत्व द्यायचा कायदा व्हायला २००३ उजाडलं. 'लाइन' म्हणतात त्या चाळींमधून अजून कितीतरी कुटुंबं राहतात. दिवसाची मजुरी हजार रुपये व्हावी म्हणून वर्षानुवर्षं भांडले, ती २०२१ ला मिळाली. आजच्या हिशेबानं आपले तीनशेच्या आसपास. पुढे वाढली, तेवढंच.

आता कबूल, रस्त्याकडेला फक्त फोटोसाठी टोपली घेऊन उभ्या राहणाऱ्याही असतात. असू देत. तुम्हीही फोटोसाठीच टोपली लावलीत ना?

मला जास्त राग कशाचा येतो सांगू? हेच लोक हक्गलाजवळच्या सीता अम्मन मंदिरात ओढ्याकाठच्या खडकावर मारुतीचं पाऊल बघून डोळे मिटतात, दानपेटीत नोट टाकतात. आणि बाहेर येऊन मळ्यातल्या बाईशी घासाघीस. सीतामाईच्या दुःखानं गहिवरता आणि ही समोरची दिसत नाही?

असो. प्रवास सुंदरच आहे, ते नाकारत नाही. नानू ओयाहून एलाची गाडी पकडा, नुवारा एलियाला स्टेशन नाही. पट्टिपोला लागलं की खिडकीतून गार वारं नुसतं अंगावर येतं. ब्रिटिशांनी ही रेल्वेलाइन कशी टाकली असेल याचंच नवल वाटतं. एलाच्या पुढे देमोदराला तर रूळ वळसा घालून स्वतःच्याच खालून बोगद्यातून जातात. पोरं वेडी झाली. आई पूर्ण वेळ मळे बघत होती. मध्येच म्हणाली, "कापसात निदान ओटी कमरेला असते, ह्या तं डोक्यावरून पट्टा घेतात. मान जाते."

त्या दिवशी आईनं बाईला पाचशेची नोट दिली. नवरा गाडीत म्हणाला, "जरा जास्तच झालं." आई म्हणाली, "माझ्या पैशानं दिले." विषय संपला.

तर काका, ग्रुपवर मी काही लिहिलं नाही, इथं लिहितेय, तुम्ही वाचणारच. आणि मे महिन्यात जाणाऱ्यांनो, सुट्टे पैसे जवळ ठेवा. आधी विचारा, मग फोटो काढा, मागतील तेवढे द्या.