मुलांच्या फुटबॉलला सुट्टी हवी, आणि ती सीझन सुरू व्हायच्या आधीच ठरलेली हवी

बारा-तेरा वर्षांची मुलं मॅचनंतर टाच धरून बसतात आणि दुसऱ्या दिवशी चवड्यावर चालत पुन्हा प्रॅक्टिसला येतात. "वाढीचं वय आहे, दुखायचंच" असं म्हणून ते सोडून देऊ नका. उंची झपाट्याने वाढते तेव्हा हाडं आधी लांब होतात, स्नायू मागे राहतात. ताणलेली पोटरी टाचेच्या कोवळ्या वाढ-पट्टीला (हाड जिथे वाढतं तो मऊ भाग) ओढत राहते. गुडघ्याखालचं टेंगूळ दुखतं तेही अशाच ओढीने, फक्त तिथे ओढणारा स्नायू मांडीचा. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून हलकेच दाबून बघा. मूल कळवळलं तर धावणं त्याच दिवशी थांबवा.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की आठवड्यात 1 ते 2 दिवस पूर्ण सुट्टी हवी आणि वर्षात त्या खेळापासून किमान 3 महिने लांब राहावं. हे महिने सलग नसले, एकेक करून घेतले तरी चालतात. आठवड्याच्या तासांसाठी सोपा नियम म्हणजे वय जितकं, त्याहून जास्त तास नकोत.

हे सगळं कोलमडतं ते दोन टीम असल्या की. शाळेचा कोच शाळेचे तास मोजतो, क्लबचा क्लबचे. सुट्टीतला कॅम्प आणि पर्सनल कोचिंग तर कुणीच मोजत नाही. म्हणून हिशोब घरीच ठेवावा लागतो. एका वहीत प्रत्येक सेशन आणि मॅचची मिनिटं लिहा, आणि दर 3 महिन्यांनी उंची. उंची एकदम वाढलेली दिसली की स्प्रिंट आणि उड्या कमी करा, पासिंग चालू द्या.

ऑफ-सीझन म्हणजे अंथरुणात पडून राहणं नव्हे. पहिले दोन आठवडे ठरवून केलेला कुठलाही सराव नको. मग पोहणं, सायकल, दुसरा एखादा खेळ. मुलाने स्वतःहून मित्रांबरोबर चेंडू लाथाडला तर लाथाडू द्या, कोच मध्ये नको!

सगळ्यात मोठी चूक परतताना होते. महिनाभर सुट्टी, आणि पहिल्याच आठवड्यात टूर्नामेंट. हे मुलांवर अन्यायकारक आहे. पहिला आठवडा नेहमीच्या निम्मा वेळ, मॅच नाही. मग तीन-चार आठवड्यांत हळूहळू पूर्ण वेळ. आठवड्यातून किमान दोनदा फिफाचा 11+ वॉर्म-अप (दुखापती टाळण्यासाठीचा ठरावीक व्यायामक्रम) करून घ्या, वीसेक मिनिटं लागतात.

"मागे पडेल" ही भीती पालकांइतकीच कोचनाही असते. पण महिन्याभरात गेलेला दम काही आठवड्यांत परत येतो, पायातला टच तर फारसा जातही नाही. पाठीच्या मणक्यातला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर) मात्र कित्येक महिने बाहेर बसवतो. त्यामुळे मागे वाकताना कंबर दुखत असेल, रात्री दुखून जाग येत असेल किंवा मूल लंगडत असेल, तर पुढची मॅच कितीही महत्त्वाची असो, आधी डॉक्टरांना दाखवा.