चामडं बैठकीच्या खोलीत

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहराच्या दक्षिणेला साकोआल्को दे तोर्रेस नावाचं गाव आहे. एकिपाल म्हणजे इथल्या कातडी खुर्च्या, त्यासाठी हे गाव ओळखलं जातं. खाली लाकडाच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर तिरक्या छेद देत गोल उभ्या केलेल्या, वर कमावलेलं डुकराचं कातडं ताणून बसवलेलं. जुन्या पद्धतीत खिळा नाही, सगळं घायपाताच्या दोरानं बांधलेलं. कातडं ओलं असताना चढवतात. वाळलं की ते आवळतं आणि खुर्ची घट्ट होते. नवी असताना वास येतो, बसलं की कुरकुरते. वर्षानुवर्षं बसून कातड्याला मधासारखा रंग चढतो.

या खुर्चीचा पूर्वज स्पॅनिश लोक येण्याआधीचा. १६व्या शतकातल्या चित्र-हस्तलिखितांत राजे लव्हाळ्याच्या उंच पाठीच्या आसनावर बसलेले दिसतात. डुकरं स्पॅनिशांनी आणली, म्हणजे हे कातडं नंतरचं. पण आसनाचा मान टिकला. आजही इथल्या अंगणात, खानावळीत, प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात एकिपाल असतात. जोडीच्या गोल मेजालाही वर कातडंच, आणि त्यावरच ताटं मांडतात.

मला इथे राहून सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते कातड्यावर मांडलेल्या या ताटांनी; आपल्याकडे कातडं म्हटलं की विटाळ.

जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि आपल्याकडे एकच गदारोळ झाला. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू, आणि नावसुद्धा घेतलं नाही! राग रास्त होता. पुढे प्राडानं मूळ मान्य केलं आणि डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इथे मेक्सिकोत आदिदासच्या एका पादत्राणावरून वाद पेटला होता. ते ओआहाका राज्यातल्या यालालाग गावच्या, 'वाराचे' नावाच्या पारंपरिक चपलांसारखं होतं. कंपनीच्या प्रतिनिधीला त्या गावात जाऊन गावकऱ्यांसमोर माफी मागावी लागली. प्राडाचं पहिलं उत्तर मात्र आपल्या व्यापाऱ्यांच्या चेंबरकडे आलं.

मेक्सिकोत भेदभाव नाही असं मी म्हणणार नाही. मूळ रहिवासी समाजांना इथेही पदोपदी डावललं जातं, आणि एकिपालवाल्यालाही घासाघीस सोसावीच लागते. पण कातड्याला हात लावतो म्हणून कुणी त्याला वेशीबाहेर ठेवलेलं नाही. आपल्याकडे ढोर समाजानं कातडं कमावलं, चर्मकारांनी चपला शिवल्या, आणि दोघांनाही गावानं पाण्यापासून तोडलं. चप्पल आपली अस्मिता, शिवणारा मात्र 'त्यांच्यातला'. त्या आठवड्यांत समाजमाध्यमांवर 'आमची कोल्हापुरी' म्हणून लिहिणाऱ्या कितीजणांनी जातीचा शब्द काढला? माझ्या पाहण्यात फार थोड्यांनी.

अनेक चर्मकार कुटुंबांना मुलांनी या धंद्यात यावं असं वाटत नाही. कमाई हे एक कारण, पण धंदा सांगितला की समोरच्याचा चेहरा बदलतो, हेही आहेच. मानांकनानं तो चेहरा बदलत नाही. म्हणून मला वाटतं, कोल्हापूरच्या सुभाषनगरात किंवा अथणीत चप्पल शिवणाऱ्याचं नाव प्रत्येक जोडावर छापलं जावं, दराच्या बोलणीत तो आणि कातडं कमावणारा समोर बसलेला असावा, आणि शाळेत कोल्हापुरीचा धडा लावलाच तर त्यात पाणवठ्याचाही उल्लेख यावा.