आजार निवडताना घ्यायची काळजी

ऑटोइम्यून आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो) जडवून घ्यायचा आणि त्यावर दिव्यांग प्रमाणपत्र काढायचा विचार असेल तर आधी दिव्यांग हक्क कायदा, २०१६ ची अनुसूची वाचून घ्या. तिथे दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिलेत. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार नावानिशी आहे. ल्युपस, सोरायसिस, आमवात शोधत बसू नका.

पण मल्टिपल स्क्लेरोसिस सगळ्यांनाच जमतो असं नाही. आमवातवाल्यांनी अस्थिव्यंगाच्या दारातून शिरावं. दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचारांचे कागद चढवा. पुण्यात ससून निवडा नाहीतर औंधचं जिल्हा रुग्णालय, मोजमाप तेच: सांधा किती वाकतो, स्नायूत जोर किती. थकवा कोनमापकात बसत नाही, तो घरीच ठेवून या. ताठरपणाचंही तसंच. तो पहाटे उठल्यापासून तास-दोन तास जोरात असतो आणि नंबर लागेपर्यंत हात मोकळे झालेले असतात. म्हणून संधिवाततज्ज्ञाकडून फ्लेअरमध्ये, म्हणजे आजार उसळलेला असताना, कुठला सांधा किती वाकतो हे लिहून घ्या आणि दोन्ही हातापायांचे जुने एक्स-रे बरोबर न्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वेळेवर उपचार. आठवड्याला एकदा मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध नेमाने घेतलंत आणि ते लागू पडलं, तर बोटं सरळ राहतात. आणि सरळ बोटांना टक्के कोण देणार? (गोळ्या खरोखरच बंद करू नका. सांध्यांना उपरोध कळत नाही.)

मर्यादा ४० टक्के दिव्यांगत्वाची. ३९ भरले तर पांढरं कार्ड मिळतं, दिसायला छान असतं. ४० ला पिवळं, ८० पासून निळं. पिवळ्यावर प्राप्तिकरात ७५,००० रुपयांची वजावट, निळ्यावर १,२५,०००. फक्त जुनी कररचना घ्यावी लागते. संजय गांधी निराधार अनुदान हवं असेल तर दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत पाहिजे. म्हणजे वजावटीसाठी भरपूर कमवा आणि अनुदानासाठी अजिबात कमवू नका. हे दोन्ही एकदम बसवून देणारा सीए सदाशिव पेठेतही मिळायचा नाही.

प्रमाणपत्र तात्पुरतं निघालं तर मुदत संपण्याच्या आधीच पुन्हा तपासणीला जा. तोवर औषध लागू पडलं असेल तर टक्के उतरतील, त्याची तयारी ठेवा. आणि सहीचा सराव करा: नीट आली तर हात चांगला ठरतो, वाकडी आली तर बँकेतल्या सहीशी जुळत नाही.